ब्लेअर अ‍ॅथॉल: किल्ला, दरी आणि डोंगर दोन दिवसांत नीट कसे पाहावेत

स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये शिरताना पर्थच्या उत्तरेला टिल्ट आणि गॅरी या दोन नद्यांच्या संगमाजवळ ब्लेअर अ‍ॅथॉल हे छोटंसं गाव आहे. एक मुख्य रस्ता, एक रेल्वे स्थानक, एक पांढराशुभ्र किल्ला आणि मागे हजार मीटरच्या पुढची शिखरं. २०१० मध्ये केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानाची हद्द वाढली, तेव्हा हा परिसरही उद्यानात आला. बहुतेक सहलींच्या बस इथे तासभर थांबतात, किल्ल्यासमोर फोटो होतात आणि लोक इन्व्हर्नेसकडे निघून जातात. त्यात गावाची खरी बाजू, म्हणजे दरी आणि डोंगर, पूर्ण हुकते. दोन रात्री राहिलात तर गाडी नसतानाही सगळं चालत जमतं.

फक्त एक लक्षात ठेवा. गाव लहान असल्यामुळे इथे ऐनवेळी काही जुळत नाही. गाडी चुकली तर पुढची दोन तासांनी, किल्ल्यातला शेवटचा प्रवेश गेला तर तो दिवस गेला, रात्री उशिरा स्वयंपाकघर बंद झालं तर उपाशी झोपावं लागतं. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या.

१. आधी महिना ठरवा

किल्ला साधारण एप्रिल ते ऑक्टोबर उघडा असतो. हिवाळ्यात काही खास दिवस सोडले तर तो बंद असतो, आणि नाताळच्या सुट्टीत येणाऱ्यांची इथेच फसगत होते. तिकीट काढण्याआधी किल्ल्याच्या संकेतस्थळावर त्या वर्षाच्या तारखा पाहा.

मे महिना सर्वांत चांगला. दिवस मोठा, पाऊस तुलनेने कमी आणि चिलटांचा त्रास नुकता सुरू होत असतो. जूनमध्ये सूर्य पहाटे साडेचारच्या आधी उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो, त्यामुळे चालायला वेळच वेळ मिळतो. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांच्या सुट्ट्या, गर्दी आणि चिलटं हे तिन्ही एकदम येतात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मध्यापर्यंत झाडं पिवळी-तांबडी होतात आणि दरीत हरणांच्या नरांचं ओरडणं ऐकू येतं, पण हाच हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. त्याबद्दल सातव्या पायरीत लिहिलं आहे. डिसेंबरमध्ये उजेड सकाळी पावणेनऊच्या सुमारास येतो आणि दुपारी साडेतीनला जातो. पहिल्यांदा येणाऱ्याने हा काळ टाळावा.

मे महिन्याचा शेवटचा शनिवार-रविवार वेगळा धरा. त्या शनिवारी अ‍ॅथॉल हायलँडर्स ही अ‍ॅथॉलच्या ड्यूकची खासगी पलटण किल्ल्यासमोर संचलन करते. व्हिक्टोरिया राणी १८४४ मध्ये इथे येऊन राहिली होती. पुढच्या वर्षी तिने या पलटणीला निशाण दिलं, आणि युरोपात कायदेशीररीत्या उरलेलं एकमेव खासगी सैन्य म्हणून ती ओळखली जाते. रविवारी हायलँड खेळ असतात: ओंडका फेकणं, दोरीखेच, पाइपवादन, नाच. हे बघायचं असेल तर खोली कित्येक महिने आधी घ्या. बघायचं नसेल तर तो आठवडा सोडा.

२. कागदपत्रं

भारतातून येणाऱ्यांसाठी:

- भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो. स्कॉटलंडसाठी वेगळा व्हिसा नसतो आणि शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. युरोपच्या सहलीला जोडून यायचं असेल तर दोन स्वतंत्र अर्ज करावे लागतात.
- अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे आणि फोटो देण्यासाठी मुंबई, पुणे अशा ठिकाणच्या केंद्रात वेळ घ्यावी लागते. निकालाला साधारण तीन आठवडे धरा, उन्हाळ्याआधी त्याहून जास्त.
- बँकेची गेल्या सहा महिन्यांची विवरणपत्रं, नोकरी किंवा व्यवसायाचा पुरावा, राहण्याचा तपशील. मुलाने किंवा मुलीने आई-बाबांना बोलावलं असेल तर निमंत्रणपत्र आणि त्यांच्या ब्रिटनमधल्या वास्तव्याचा पुरावा.
- व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणाऱ्या रकमेचं काहीही आरक्षण करू नका.
- प्रवास विमा, आणि त्यात डोंगरात चालणं समाविष्ट आहे का ते वाचून घ्या. काही स्वस्त विम्यांमध्ये ठरावीक उंचीवरचं चालणं किंवा ‘साहसी खेळ’ वगळलेले असतात.

ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या-राहणाऱ्यांना यातलं काही नको. रेल्वेचं सवलत कार्ड असेल तर ते सोबत ठेवा, कारण तिकीट तपासनीस कार्ड मागतो आणि नसेल तर सवलत नाकारतो. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या बावीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना बसप्रवास मोफत आहे, पण त्यासाठीचं राष्ट्रीय ओळखपत्र आधी काढून ठेवावं लागतं.

खाण्याच्या सामानातला एक सापळा: भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, तूप घरीच ठेवा. चिवडा, चकली, मेतकूट, लाडवांचे तूप नसलेले प्रकार चालतात.

३. पोहोचायचं कसं

रेल्वे हा सर्वांत सरळ मार्ग. एडिंबरा वेव्हर्ली किंवा ग्लासगो क्वीन स्ट्रीटवरून इन्व्हर्नेसकडे जाणारी गाडी पर्थ, डंकेल्ड, पिटलॉख्री करत ब्लेअर अ‍ॅथॉलला येते. वेळ साधारण दोन तास, थोडा जास्त. इन्व्हर्नेसवरून दीड तासाच्या आसपास.

इथला मोठा सापळा: या मार्गावरची प्रत्येक गाडी ब्लेअर अ‍ॅथॉलला थांबत नाही. ‘इन्व्हर्नेसची गाडी’ बघून बसलात तर गाव खिडकीतून मागे जाताना दिसेल. तिकीट काढताना शोधामध्ये थेट ‘ब्लेअर अ‍ॅथॉल’ टाका आणि परतीची गाडीसुद्धा तशीच पाहून ठेवा. रविवारी गाड्या आणखी कमी असतात. गाडी तिथे थांबणार नसेल तर पिटलॉख्रीला उतरा. ते अकरा किलोमीटरवर आहे आणि तिथून टॅक्सी मिळते, मात्र टॅक्सी आदल्या दिवशी फोन करून ठरवा. स्थानकाबाहेर टॅक्सींची रांग नसते.

स्कॉटरेलने १ सप्टेंबर २०२५ पासून गर्दीच्या वेळचं जादा भाडं बंद केलं आहे, त्यामुळे सकाळची लवकरची गाडी घ्यायला काही अडचण नाही. सायकल न्यायची असेल तर तिचं आरक्षण आधी करा. ते मोफत असतं, पण जागा मोजक्या असतात.

लंडनहून थेट यायचं असेल तर युस्टनहून रात्री निघणारी कॅलेडोनियन स्लीपर सकाळी ब्लेअर अ‍ॅथॉलला थांबते. ती शनिवारी रात्री सुटत नाही. एडिंबऱ्याला या गाडीचे तीन भाग होतात आणि ते वेगवेगळ्या दिशांना जातात, म्हणून तिकिटावर लिहिलेल्या डब्यातच बसा आणि तिथेच झोपा.

मोटारीने येणार असाल तर ए९ रस्ता. गाड्या डावीकडून चालतात, भारतीय परवान्यावर बारा महिने गाडी चालवता येते, भाड्याने गाडी घेताना बहुतेक कंपन्या चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. ए९ वर डनब्लेन ते इन्व्हर्नेस सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. कॅमेऱ्यापुरता वेग कमी करून उपयोग नाही, दोन कॅमेऱ्यांमधला संपूर्ण वेळ मोजला जातो. रस्ता कधी दुपदरी, कधी चौपदरी असा सारखा बदलतो. गोंधळून ओव्हरटेक करताना इथे गंभीर अपघात झाले आहेत. मागे रांग लागली तरी घाई करू नका, चौपदरी भाग येतोच.

नकाशावर शोधताना दोन नावं फसवतात. ब्लेअरगौरी हे वेगळंच गाव आहे. आणि ब्लेअर अ‍ॅथॉल नावाची व्हिस्कीची डिस्टिलरी या गावात नसून पिटलॉख्रीत आहे. तिथली फेरी ठरवली असेल तर त्या दिवशीचा वेळ पिटलॉख्रीसाठी राखा.

४. मुक्काम

पर्याय तीनच प्रकारचे आहेत: स्थानकासमोरचं जुनं हॉटेल आणि आसपासची लहान अतिथीगृहं, किल्ल्याच्या आवारातलं तंबू आणि कॅरव्हॅनचं मैदान (तिथे लाकडी खोल्याही भाड्याने मिळतात), किंवा पिटलॉख्रीत राहून येणं-जाणं. गाडी नसेल तर गावातच राहा. सकाळी लवकर डोंगराकडे निघता येतं, हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा. कुटुंबासह असाल आणि घरचं जेवण लागत असेल तर स्वयंपाकाची सोय असलेली लाकडी खोली घ्या आणि डाळ-तांदूळ, मसाले एडिंबरा-ग्लासगोहून आणा. गावातल्या दुकानात दूध, ब्रेड, अंडी, बटाटे मिळतात, हिंग-मोहरी नाही.

५. किल्ला: अडीच ते तीन तास

स्थानकापासून किल्ला एक किलोमीटरच्या आत आहे. उंच झाडांमधून जाणाऱ्या सरळ रस्त्याने पंधरा मिनिटं. सह्याद्रीतल्या गडांची सवय असणाऱ्यांनी अपेक्षा थोडी बदलावी. हा डोंगरावरचा गड नाही. सपाट हिरवळीवर उभी असलेली, आतून सजवलेली निवासी वास्तू आहे आणि पाहण्यासारखं बहुतेक सगळं आत आहे.

तिकीट दोन प्रकारचं: किल्ला आणि बागा मिळून, किंवा फक्त बागा आणि आवार. पहिल्यांदा येत असाल तर पहिलंच घ्या. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या वेळेच्या बराच आधी असतो, म्हणून दुपारी दोनच्या आत पोहोचा. शक्य असेल तर सकाळी दार उघडतानाच या, सहलींच्या बस साधारण अकराच्या पुढे येऊ लागतात.

आत सुमारे तीस खोल्यांचा एकदिशा मार्ग आहे. नुसतं चालत गेलात तर तासाभरात बाहेर याल आणि सगळं एकसारखं वाटेल. काही गोष्टी आधी माहीत असल्या की खोल्या बोलू लागतात.

सर्वांत जुना भाग म्हणजे १२६९ मध्ये सुरू झालेला कमिंगचा बुरूज. अ‍ॅथॉलचा अर्ल धर्मयुद्धासाठी दूर असताना शेजारच्या जॉन कॉमिनने (कमिंग हे याच नावाचं रूप) त्याच्याच जमिनीवर बांधकाम सुरू केलं, आणि परत आल्यावर अर्लने थेट राजा तिसऱ्या अलेक्झांडरकडे तक्रार नेली. किल्ल्याची सुरुवात अशी जमिनीच्या भांडणातून झाली.

बाहेरून दिसणारे बुरूज आणि टोकदार कोपरे मध्ययुगीन वाटतात, पण अठराव्या शतकात ते काढून इथे साधं जॉर्जियन घर केलं होतं. आज दिसतं ते रूप वास्तुरचनाकार डेव्हिड ब्राइसने १८७० च्या दशकात पुन्हा चढवलेलं आहे. प्रवेशाच्या दालनात भिंतभर बंदुका, तलवारी आणि ढाली आहेत. तिथे घाई करू नका, कलोडनच्या लढाईत वापरलेली शस्त्रंही त्यांत आहेत. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळवून देऊ पाहणाऱ्या जॅकोबाइट बंडखोरांची ती शेवटची लढाई. १७४६ च्या मार्चमध्ये जॅकोबाइटांचा सेनापती लॉर्ड जॉर्ज मरे याने या किल्ल्याला वेढा दिला. आत सरकारी सैन्य होतं, आणि किल्ला त्याच्या स्वतःच्या घराण्याचा होता. ब्रिटनमध्ये किल्ल्याला पडलेला तो शेवटचा वेढा मानला जातो. शेवटी येतं ते नृत्यदालन, ज्याच्या भिंती हरणांच्या शिंगांनी झाकलेल्या आहेत. तिथून बाहेर पडण्याआधी छताकडेही बघा.

खासगी मालकीच्या मोठ्या घरांपैकी हे घर फार लवकर, १९३६ मध्ये, लोकांसाठी खुलं झालं. आज ते एका धर्मादाय न्यासाकडे आहे.

गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी सूचना: वरच्या मजल्यांवर जिन्यांनीच जावं लागतं आणि मार्ग मध्येच सोडणं अवघड असतं. तिकीट खिडकीवर आधी विचारा. जिने जमणार नसतील तर फक्त बागांचं तिकीट घेणंही वाया जात नाही.

बागांमध्ये दोन जागा चुकवू नका. हर्क्युलिस गार्डन ही नऊ एकरांची, भिंतीने वेढलेली बाग आहे: तळी, फळझाडं आणि हर्क्युलिसचा पुतळा. डायनाज ग्रोव्ह ही परदेशी सूचिपर्णी वृक्षांची राई आहे. तिथला ग्रँड फर साठ मीटरपेक्षा उंच आहे आणि ब्रिटनमधल्या सर्वांत उंच झाडांत गणला जातो. आवारातच सेंट ब्राइड्स चर्चचे अवशेष आहेत. १६८९ ची किलीक्रँकीची लढाई जिंकतानाच मारला गेलेला जॅकोबाइटांचा सेनापती व्हायकाउंट डंडी तिथे पुरला आहे. नववी पायरी करणार असाल तर हे आधी बघा.

६. टिल्टची दरी: अर्धा ते पूर्ण दिवस

गावाची सर्वांत सुंदर गोष्ट हीच, आणि बहुतेक पाहुणे ती न बघता जातात. जुन्या टिल्ट पुलाजवळच्या वाहनतळापासून वाट सुरू होते. स्थानकापासून तिथे चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पुढे रुंद, पक्की इस्टेटची (किल्ल्याच्या जमीनदारीची) वाट नदीला धरून जाते. चढ फारसा नाही. लहान मुलं आणि चालण्याची सवय असलेले आजी-आजोबा सहज करू शकतात.

कुठून मागे फिरायचं ते आधी ठरवा (अंतरं वाहनतळापासूनची, एका बाजूची):

- गिल्बर्ट्स ब्रिज: पाच किलोमीटरच्या आत. आरामात तीन तासांत जाऊन-येऊन.
- मार्बल लॉज: सात किलोमीटरच्या आसपास. साडेचार तास धरा.
- फॉरेस्ट लॉज: सुमारे अकरा किलोमीटर. चालत पूर्ण दिवस, सायकलने अर्धा दिवस. सायकली पिटलॉख्रीत भाड्याने मिळतात.

ही दरी पट्टीने आखल्यासारखी सरळ का, असं वाटलं तर त्याचं कारण जमिनीखाली आहे. खडकातल्या एका मोठ्या भेगेच्या रेषेवरच ती कोरली गेली आहे. फॉरेस्ट लॉजच्या थोडं पुढे नदीपात्रात आधुनिक भूशास्त्राच्या इतिहासातली एक महत्त्वाची जागा आहे. १७८५ मध्ये जेम्स हटन इथे आला आणि करड्या खडकात घुसलेल्या लालसर ग्रॅनाइटच्या शिरा त्याने पाहिल्या. घन खडकात अशा शिरा शिरायच्या तर ग्रॅनाइट एकेकाळी वितळलेला असला पाहिजे, आणि भोवतालच्या खडकापेक्षा नंतरचा. त्या काळी ग्रॅनाइट हा पृथ्वीवरचा सर्वांत पहिला खडक, समुद्रात साका बसून झालेला, असं अनेक विद्वान मानत. भूगोलाची आवड असलेल्या मुलांना इथवर जरूर आणा.

सापळा: दरीच्या खालच्या भागात वाटेलगत बंदुकीच्या सरावाचं मैदान आहे. सराव चालू असताना लाल बावटे लावतात आणि वाटेचा तो तुकडा बंद असतो. वाहनतळावरच्या फलकावर दिवस लिहिलेले असतात आणि पर्यायी वाटही दाखवलेली असते. बावटा दिसला तर ‘कोणी दिसत नाही, जाऊ या’ असं करू नका.

दुसरा सापळा मोबाइलचा. गाव सुटलं की काही वेळातच सिग्नल जातो. नकाशा आधी उतरवून घ्या, किंवा ऑर्डनन्स सर्व्हेचा लँडरेंजर मालिकेतला ४३ क्रमांकाचा कागदी नकाशा घ्या.

७. कार्न लिआ: पहिला मन्रो

तीन हजार फुटांवरच्या (९१४ मीटर) ठरावीक स्कॉटिश शिखरांना मन्रो म्हणतात. अशी २८२ शिखरं आहेत. गावामागच्या बेन अ ग्लो या डोंगरसमूहात त्यांतली तीन येतात: कार्न लिआ ९७५ मीटर, मधलं शिखर १०७० मीटर आणि कार्न नन गवर ११२१ मीटर. नवख्याने फक्त पहिलं करावं. तिन्ही मिळून वीस किलोमीटरच्या पुढे आणि आठ-नऊ तासांहून जास्तीचं काम आहे.

कळसूबाई १६४६ मीटर आहे, त्यामुळे सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ९७५ हा आकडा किरकोळ वाटतो, आणि लोक नेमके तिथेच चुकतात. इथे झाडांचा आडोसा नाही, वाटेत टपरी नाही, ताक-लिंबूसरबत नाही. हजार मीटर चढल्यावर तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि वाऱ्याचा गारठा त्यावर आणखी. जुलैमध्येही गावात अठरा अंश असताना माथ्यावर पाऊस-वाऱ्यात बोटं बधिर होऊ शकतात. ढग आला तर दहा मीटरवरचंही दिसत नाही.

क्रम असा:

१. आदल्या संध्याकाळी डोंगरी हवामानाचा अंदाज पाहा. ब्रिटनच्या हवामान खात्याचा डोंगरांसाठी वेगळा अंदाज असतो, शिवाय एमडब्ल्यूआयएस ही खास डोंगरांचीच सेवा आहे. गावाचा अंदाज बघून निघू नका. माथ्यावर वाऱ्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या पुढे सांगितला असेल तर त्या दिवशी दरीत जा.

२. सुरुवात लॉख मोरेग या तळ्यापासून. गावातून तिथे अरुंद रस्ता चढत जातो, सुमारे पाच किलोमीटर. गाडी असेल तर तिथे शुल्क भरून लावता येते. वाहनतळ भरला असेल तर रस्त्यावरच्या गाड्या ओलांडण्याच्या जागांमध्ये गाडी लावू नका, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि रुग्णवाहिका त्याच रस्त्याने जातात. गाडी नसेल तर येऊन-जाऊन दहा किलोमीटर वाढतात. टॅक्सीने वर जाऊन उतरताना चालत येणं, हा मधला मार्ग चांगला.

३. वेळ काढा. ताशी पाच किलोमीटर, अधिक दर सहाशे मीटर चढाला एक तास, हा इथला जुना हिशेब. लॉख मोरेगपासून जाऊन-येऊन सुमारे दहा किलोमीटर आणि साडेसहाशे मीटर चढ, म्हणजे कागदावर तीन तास. थांबे, फोटो आणि उतरताना गुडघे धरून चाललात तर चार ते पाच तास.

४. सुरुवातीला गवताळ वाट, मग काही भाग चिखलाचा, मग दुरूनही पांढरा दिसणारा सरळ चढ. तिथे खडी सुटी आहे. चढताना त्रास होत नाही, उतरताना पाय सटकतो. काठ्या असतील तर इथे काढा. चिखल टाळायला वाटेच्या कडेने चालू नका, वाट रुंद होऊन डोंगराची जखम वाढते.

५. परतीची वेळ निघतानाच ठरवा आणि मुक्कामाच्या ठिकाणी सांगून जा. त्या वेळेला जिथे असाल तिथून मागे फिरा, माथा दिसत असला तरी.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने खासगी जमिनीवरूनही जबाबदारीने चालण्याचा हक्क सगळ्यांना आहे. त्यात मोटारगाड्या, लोकांच्या घराभोवतालच्या बागा आणि तिकीट असलेल्या जागा येत नाहीत. फाटक जसं सापडलं तसं सोडा: उघडं तर उघडं, बंद तर बंद. ऑगस्टपासून २० ऑक्टोबरपर्यंत हरणांच्या शिकारीची गडबड असते. तेव्हा इस्टेटच्या सूचना पाहा आणि नेहमीच्या वाटा सोडू नका.

नोव्हेंबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत वर बर्फ असू शकतो. बर्फाची कुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे धातूचे काटे) वापरता येत नसतील तर त्या काळात हा डोंगर नको.

८. ब्रुअरचे धबधबे

गावाच्या पश्चिमेला पाच किलोमीटर. दोन पूल, मधे खोल घळ, उंच पाइन, सगळा फेरा दोन-अडीच किलोमीटरचा आणि सव्वा तासाचा. कवी रॉबर्ट बर्न्स १७८७ मध्ये इथे आला तेव्हा काठ उघडाबोडका होता. त्याने नदीच्या वतीने ड्यूकला कवितेतून झाडं लावण्याची विनंती केली आणि पुढे ती खरंच लावली गेली. घळीच्या कडेला सर्वत्र कठडा नाही, मुलांचा हात धरा. पायथ्याशी मोठं दुकान आणि उपाहारगृह आहे. कपडे महाग आहेत, सूप चांगलं.

९. किलीक्रँकी

दक्षिणेला पाच किलोमीटर. सायकल मार्ग ७ इथून जातो. २७ जुलै १६८९ च्या लढाईतून पळणाऱ्या एका सैनिकाने गॅरी नदीवरून साडेपाच मीटर उडी मारली असं सांगतात. ती जागा पायऱ्या उतरून पाहता येते. जवळच्या पुलावरून चाळीस मीटरची बंजी उडी मारता येते, पण ती ठरावीक दिवशीच असते आणि वजनाची मर्यादा असते. आधी आरक्षण करा.

१०. चिलटं आणि गोचीड

मिज ही अगदी बारीक चिलटं मेअखेर ते सप्टेंबर असतात, सकाळ-संध्याकाळ, ढगाळ आणि वारा पडलेल्या हवेत. वारा ताशी दहा-बारा किलोमीटरच्या पुढे गेला की ती उडू शकत नाहीत. म्हणून डबा खायला नदीकाठची शांत जागा नको, वाऱ्याची निवडा. डोक्यावरून घ्यायची जाळी दोन-चार पौंडांत मिळते, ती घ्याच.

गोचीड जास्त गंभीर, कारण तिच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. उंच गवतात पँट मोज्यात खोचा, रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेला तपासा. सापडली तर खास चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढा. तेल, तूप, काडीचा चटका हे उपाय करू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे वाढत जाणारं लाल कडं दिसलं तर डॉक्टरकडे जा आणि गोचीड चावल्याचं सांगा. भारतात परतल्यावर दिसलं तर हे सांगणं आणखी गरजेचं, तिथल्या डॉक्टरला हा रोग सहज सुचणार नाही.

११. जेवण

रात्रीची स्वयंपाकघरं साधारण साडेआठपर्यंत बंद होतात. उन्हाळ्यात बाहेर लख्ख उजेड असतो आणि वेळेचं भान राहत नाही. टेबल दुपारीच सांगून ठेवा. शाकाहारींना भाज्यांचं सूप, भाजलेला बटाटा, चीज-मॅकरोनी आणि शाकाहारी हॅगिस मिळतं. ओट, डाळी आणि मसाल्याचं ते हॅगिस आपल्या जिभेला आवडतं. सूप मांसाच्या पाण्यात केलं आहे का हे विचारा, यादीत ते लिहिलेलं नसतं. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

१२. पाठीवरची पिशवी

- पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. छत्री वाऱ्यात टिकत नाही.
- लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे थर. जीन्स आणि सुती टीशर्ट नको, भिजले की वाळत नाहीत आणि अंग गार पडतं.
- घोट्याला आधार देणारे, घरी वापरून रुळवलेले बूट. मोज्यांचा जादा जोड.
- टोपी, हातमोजे. जूनमध्येसुद्धा.
- कागदी नकाशा, होकायंत्र, पॉवर बँक, डोक्याला लावायची बॅटरी, शिट्टी.
- माणशी दीड लिटर पाणी, आणि खाणं गरजेपेक्षा थोडं जास्त. थेपले, दशम्या, शेंगदाणे-गूळ उत्तम.
- गोचीड काढायचा चिमटा, चिलटांची जाळी, फोडांसाठी पट्ट्या.

१३. दोन दिवस कसे लावाल

पहिला दिवस: सकाळच्या गाडीने या, सामान मुक्कामी ठेवा, बाराच्या आत किल्ल्यात जा, मग बागा आणि सेंट ब्राइड्स. संध्याकाळी टिल्टच्या काठी तासभर.

दुसरा दिवस: अंदाज चांगला असेल तर कार्न लिआ, नसेल तर टिल्टची दरी. पहिल्या दिवशीचा अंदाज दुसऱ्यापेक्षा स्पष्ट चांगला असेल तर क्रम उलटा करा. किल्ल्याला छप्पर आहे, डोंगराला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रुअर किंवा किलीक्रँकी, दुपारची गाडी. वाटेत वेळ असेल तर पिटलॉख्रीला उतरून धरणाजवळची माशांची शिडी पाहा. सॅमन माशांना धरण ओलांडून वर जाता यावं म्हणून तिथे ३४ टाक्या जोडलेल्या आहेत.

१४. संकट आलं तर

डोंगरात अपघात झाला तर ९९९ लावा, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. बचाव पथकं स्वयंसेवकांची आहेत आणि पैसे घेत नाहीत. बोलण्याइतका सिग्नल नसला तरी कधी कधी संदेश जातो, त्यासाठी फोन आधी नोंदवावा लागतो: ९९९ ला इंग्रजीत ‘रजिस्टर’ हा शब्द पाठवा आणि येणाऱ्या सूचना पाळा. हे मुक्कामीच करून ठेवा. शिट्टीचा इशारा म्हणजे मिनिटात सहा फुंकर, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. साध्या आजारासाठी १११ हा क्रमांक आहे, आणि औषधांचं दुकान पिटलॉख्रीत आहे.

पैशांबद्दल एक राहिलं. स्कॉटलंडमधल्या तीन बँका स्वतःच्या नोटा छापतात. इंग्लंडमधले काही दुकानदार त्या घ्यायला कुरकुर करतात आणि भारतात त्या बदलून मिळणं अवघड असतं, तेव्हा उरलेल्या नोटा उत्तरेतच खर्चून टाका किंवा एडिंबऱ्यात बँकेत बदलून घ्या.